हलका गणपती

माझ्या माहेरचा पाट माझ्या डोळ्यांदेखत जावेच्या भिंतीला जाऊन टेकला, आणि मला वर हसून विचारावं लागलं, "दादा, चाय घेतंस मां?"

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ शंकर. धामापूरच्या अलीकडे आमचं माहेरचं घर. दर आषाढात तो रिक्षाने पाट घेऊन येतो. आमच्याकडे गणपती दुकानातून आणत नाहीत. घरचा लाकडी पाट गणपतीच्या शाळेत नेऊन द्यायचा, त्यावर नारळ आणि विडा ठेवायचा, आणि चतुर्थीच्या तोंडावर त्याच पाटावर बसलेला देव डोक्यावरून घरी न्यायचा. गणपती करतात त्या जागेला आम्ही शाळाच म्हणतो. एकदा ज्या हाताकडे पाट गेला, त्या हाताकडेच तो पिढ्यान्‌पिढ्या जातो. पाट दुसरीकडे गेला की गावात चार दिवस तोच विषय असतो, अन्‌ पाचव्या दिवशीही असतो.

आमची शाळा सासऱ्यांची. ते गेल्यापासून माती मळायचं काम माझ्या नवऱ्याचं, सुदेशचं, आणि मूर्ती माझी. एकतीस वर्षं. लग्नात माहेराहून जे काही आलं ते केव्हाच मोडलं, फुटलं, विरलं. हा पाट मात्र दर वर्षी येत होता. त्यावरचा गणपती मी कुणाला हात लावू दिला नाही. पायापासून मुकुटापर्यंत माझा. दादाच्या घरी आरती चाललेली असली की मी देवाकडे नाही, माझ्या कामाकडे बघत उभी असायची. पाप लागत असेल तर लागो.

"शेवंता, रागाव नको गो," दादा चहा फुंकत म्हणाला. "गुडघ्याचा ऑपरेशन झाला त्येका चार वर्सा झाली. चार वर्सा माझो गणपती शेजारची पोरां नेतत, नि मी मागसून छत्री घेवन चलतंय. माझ्या पोराक, जितेंद्राक, गोव्यात कंपनीत सुट्टी गावणा नाय, पूजा झाली की पळता. ह्या पोरीचो गणपती हलको म्हणतत. मरायच्या आधी एकदा तरी माझो देव माझ्या डोक्यार घेवक होयो."

"घे मगे," मी म्हटलं. "माका काय करूचा आसा?"

"ही पोर" म्हणजे माझी धाकटी जाऊ, अनुजा. ती दाराशी पदराला हात पुसत उभी होती. "वयनी, तुमका चलात मां?" तिने विचारलं. न विचारता पाट घेतला असता तर मी भांडले तरी असते. विचारून तिने माझं तेही काढून घेतलं.

अनुजाला या घरात येऊन सात वर्षं झाली. माती मळून गोळ्यातला वारा कसा काढायचा, सोंडेचं वळण कुठे सोडायचं, हे तिला मीच शिकवलं. मागच्या हिवाळ्यात ती कुडाळला पाच दिवसांच्या कसल्याशा शिबिराला गेली आणि कागदाच्या लगद्याचे गणपती करायला शिकून आली. पाच दिवसांत! मला नुसते कान नीट जमायला तीन पावसाळे गेले होते. येताना प्रमाणपत्र घेऊन आली, ते निलेशने, माझ्या दिराने, सासऱ्यांच्या फोटोशेजारी खिळ्याला लावलं. सासऱ्यांनी मला कधी चिठ्ठीसुद्धा लिहून दिली नव्हती.

मग सुरू झाला तिचा संसार. शेजारच्या जुलियाना टीचर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणून द्यायच्या. अनुजा ते फाडून तीन दिवस भिजत घालायची, मिक्सरमध्ये वाटायची, फडक्यात पिळायची, त्यात डिंक आणि पांढरी पावडर घालून मळायची. मी सुदेशला म्हणायची, "चटणी करता की गणपती, बघ जावन." सुदेश हसायचा, पण बघायला जायचा. सगळेच जायचे. ज्यांनी तीस वर्षांत माझ्या मातीकडे मान वळवली नव्हती ते मोबाइल काढून मिक्सरचे फोटो काढायचे. पहिल्या वर्षी तिच्या भिंतीला पाट किती? सात. माझ्याकडे बासष्ट. तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण त्या सातांत एक माझ्या माहेरचा होता.

खरं सांगायचं तर मला तो लगदा एकदा हातात घेऊन बघायचा होता. कुणाला सांगणार? ज्याला चटणी म्हटलं तीच चाखायला मागायची?

श्रावणातल्या एका सोमवारी अनुजा मालवणच्या बाजाराला गेली. मी तिच्या झाकलेल्या घमेल्यातून नारळाएवढा गोळा उचलला, पदराखाली धरला आणि मागच्या न्हाणीत जाऊन दार लावलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, मी तर कडीही लावली.

माती अंगठ्याचं ऐकते. दाबली की सरकते, ओलं बोट फिरवलं की गुळगुळीत होते. हा लगदा दाबला की बसायचा आणि बोट उचललं की पुन्हा थोडा वर यायचा. ओढला तर तुटायचा. ओलं बोट फिरवलं तर नाचणीच्या भाकरीसारखा कडेने फाटायचा. माझ्या हातांना काही म्हणजे काही कळेना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी नवशिकी झाले होते, आणि बघायला कुणी नव्हतं हेच नशीब. मी चिडून गोळा आपटणार होते, पण मग हळूहळू उमजलं की याला ओढायचं नाही, चिमूट चिमूट लावत जायचं, शेणी थापल्यासारखं थापायचं. तासाभरात वीतभर गणपती उभा राहिला. मग मी कान लावले.

कान मातीचे असले की जाड ठेवावे लागतात, आतून काडी द्यावी लागते, तरी सकाळपर्यंत मान टाकतात. हा कान मी विड्याच्या पानासारखा पातळ केला आणि हात काढला. उभा राहिला! काडीशिवाय. मी बघतच राहिले. असा कान करायचं माझ्या मनात वयाच्या पंचविशीपासून होतं. आणि ते करायचं सामान देवाने दिलं कुणाला, तर अनुजाला. त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा पाट गेला तेव्हाही वाटला नव्हता. पाट दादाने दिला होता. पण लगदा खरोखरच चांगला होता, त्याला मी काय करणार?

संध्याकाळी मी गणपतीवर ओलं फडकं घातलं आणि न्हाणीच्या फळीवर लपवून ठेवला. अर्धवट कामावर ओलं फडकं घालायचं, ही सवय आमच्या हातांना झोपेतसुद्धा असते. फडकं नसलं तर माती सुकते, तडकते. रोज सांजेला मी जाऊन फडकं पुन्हा भिजवून घालत होते. चौथ्या दिवशी फडकं उचललं तर आंबूस वास आला. गणपती फुगला होता, पोटावर काळा बुरा चढला होता आणि ते दोन्ही सुंदर कान लोळागोळा होऊन खांद्यांवर पडले होते. मातीला पाणी लागतं, याला वारा लागतो. एवढी साधी गोष्ट, पण मला ती कोण सांगणार? विचारायचं तर चोरी कबूल करायची.

पुरावा नको म्हणून मी तो माती भिजवायच्या पिंपात टाकला. बिघडलेली मूर्ती पिंपात टाकली की सकाळी तिची पुन्हा माती. आमच्या धंद्यात काही वाया जात नाही. सकाळी झाकण काढलं तर हा आपला वर तरंगतोय. मी काठीने खाली दाबला, काठी काढली, परत वर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जरासा सैल झाला, पण पोट वर करून तरंगतच होता.

मी पिंपाशी उभी राहून हसले. खूप हसले. अनुजाचे गणपती बुडणार नव्हते. पाच दिवसांच्या शिबिरात त्यांनी गणपती करायला शिकवलं होतं, बोळवायला शिकवलं नव्हतं. मग मी तो गोळा बाहेर काढून माडाच्या मुळाशी पुरला आणि तोंडाला कडी लावली. सात घरांच्या विसर्जनाला काय होईल ते मला दिसत होतं. त्यातलं एक घर कुणाचं, हे मी मनातल्या मनात मोजायचंच टाळलं.

गणपतीला आठ दिवस उरले तेव्हा अनुजा माझ्याकडे आली. "वयनी, माझ्या गणपतींचे डोळे तुमी आखश्यात? माझो हात कापता. डोळ्यांचा काम तुमचाच."

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण डोळ्यांचं काम माझंच, हे तिने सगळ्यांसमोर म्हटलं होतं. मी बारीक कुंचला घेतला आणि तिच्या भिंतीशी जाऊन बसले. सहा गणपती झाले, सातवा माझ्या माहेरच्या पाटावरचा. मूर्ती चांगली होती. मी दोष शोधत होते आणि सापडत नव्हता. कान तर असे, की मला बघवेनात. मी श्वास रोखून उजवा डोळा आखला. शेजारी बसून अनुजा बघत होती.

"वयनी, एक विचारू?" ती म्हणाली. "हे आतून पोकळ. बुडात थोडी माती भरूक होयी काय? दगड-बिगड? वजनाक?"

माझा कुंचला हवेत राहिला. तिला शंका आली होती. ती हुशार होतीच, आणि तिला वाटलं ते विचारायला ती माझ्याकडेच आली होती. मी "व्हय" म्हटलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. एकेका गणपतीच्या बुडाला शेर-दीड शेर माती लिंपायची, बस्स. दादाच्या डोक्याला तेवढं कळलंही नसतं.

"कशाक?" मी म्हटलं. "हलको व्हावचो म्हणान तर तुझ्याकडे दिलेत मां लोकांनी? मगे वजन कशाक भरतंस?"

"ता पण खराच," ती म्हणाली.

मी डावा डोळा आखला. हात जरासुद्धा कापला नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादा आला. टोपी काढली, पंच्याची चुंबळ डोक्यावर ठेवली. सुदेशने आणि निलेशने पाट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. दादाने दोन्ही हातांनी पाट धरला आणि एकदम म्हातारा दिसायचा थांबला. "अरे, काय्येक वजन नाय!" तो ओरडला. रिक्षा रस्त्यावर उभी होती, तरी तो अंगणाला एक फेरी मारून आला, उगाच, नाचवल्यासारखा गणपती घेऊन. अनुजा रडत होती. सगळे तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, माझे एकतीस गणपती दादाने असे कधी मिरवले होते का? नव्हते. कारण ते जड होते. माझं चांगलं काम जड होतं, आणि तिचं चांगलं काम हलकं.

अनुजाचे सातही गणपती पाच दिवसांचे; पाचव्या दिवशी विसर्जन. दादाचा सकाळीच फोन आला, "त्या पोरीक घेवन ये गो. तिचो पयलो गणपती." म्हणजे माझ्या माहेरी मी तिला घेऊन जायचं. गेलो दोघी. उन्हं कलती झाल्यावर आरती झाली, आणि दादा चार वर्षांनी आपला देव आपल्या डोक्यावर घेऊन बोळवायला निघाला. घरापासून व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, मळ्याच्या मेरेवरून, बांधावरून, अर्धा मैल वाट आहे. तो पुढे, ताशावाले मागे. मेरेवर चिखल होता. शेजारची हौसाबाई म्हणाली, "शंकर बघ कसो चलता, नव्या जावयासारखो!" मी त्याच्या मागेच होते. त्याचे ऑपरेशनचे गुडघे मोजून मोजून पडत होते, आणि मी प्रत्येक पावलाला म्हणत होते, आता सांगते. वाट संपेपर्यंत मी तेवढंच म्हणत होते.

व्हाळाच्या वळणावर कोंड आहे, छातीभर पाण्याची. गावातले दोघे पुरुष गणपती घेऊन आत उतरले. तीनदा बुडवून वर काढला, मग पाट काढून घेतला आणि देव सोडला. ताशा थांबला. सगळ्यांनी हात जोडले.

गणपती वर आला. आधी मुकुट, मग पोट. उताणा झाला आणि संथ पाण्यात हळूहळू फिरायला लागला. एकाने हाताने खाली दाबला. तो परत आला. दोघांनी दाबला. परत आला, यावेळी तोंड काठाकडे करून. ते डोळे मी आखले होते. माझे डोळे नेहमी बघणाऱ्याकडे बघतात, लोक त्यासाठीच नावाजतात. ते माझ्याकडे बघत होते.

"देव जाऊक बघणा नाय," हौसाबाई हळूच म्हणाली. "काय तरी चुकलां."

एकदा हे वाक्य आमच्याकडे कुणी उच्चारलं, की मग ते परत घेता येत नाही. बायका मागे सरल्या. अनुजाचा चेहरा पांढराफटक पडला, हातातला मोबाइल तसाच धरलेला. मी इतके दिवस हाच चेहरा बघायची वाट पाहिली होती. बघितला. पण माझं लक्ष दादाकडे गेलं. मोकळा पाट छातीशी धरून तो पाण्याच्या कडेला उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. मग त्याने पाट खाली ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं; एकाने देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं.

"बा देवा गजानना, म्हाराजा! पाच दिस तू आमच्या घराक इलंस, लेकरांनी तुझी मोडकीतोडकी सेवा केली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

"आज तुझो पाय निघणा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या गुडघ्याच्या सुखासाठी मी तुका हलको केलंय. बापाशीन, आज्यान तुका जड उचललो, माकाच जड झालंस. तेचो राग तुका इलो आसात, तर जा काय करूचा ता माका कर, पण पोराबाळांक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी मी 'व्हय' म्हटलं नाही. माझ्या भावाने देवाकडे स्वतःसाठी शिक्षा मागितली होती, आणि माणसं त्याला हो म्हणत होती. मी पदर खोचला आणि पाण्यात शिरले. कुणीतरी "शेवंता!" म्हणून ओरडलं. साडी फुगली, पाय दगडावरून घसरला, पण मी गणपतीपाशी पोचले, दोन्ही तळवे त्याच्या पोटावर ठेवले आणि सगळ्या अंगाने दाबला. तो खालून वर रेटत होता. पिंपातल्यासारखाच. बुडबुडे यायला लागले, पण थोडे थोडे. आत पाणी भरेपर्यंत असंच धरून राहावं लागणार होतं.

"दादा," मी ओरडले, "चूक तुझी नाय रे! देव खंयचो रागावता? आत वारो आसा!"

पाणी हललं. अनुजा आली होती. तिला पोहता येत नाही, पाण्याला ती घाबरते, मला ठाऊक आहे. गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहून तिने आपले हात माझ्या हातांशेजारी ठेवले आणि दाबायला लागली. बुडबुडे वाढले. मग तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"वयनी, डोळे आखताना मी तुमका विचारलंय. तेवा तुमका म्हायत होता?"

खोटं बोलता आलं असतं. पाण्यात फक्त आम्ही दोघीच होतो, उतरलेले पुरुष काठाला गेले होते. पण तळहातांखाली तो अजून रेटत होता.

"व्हय," मी म्हटलं. "म्हायत होता. मी चोरून करून बघितलंय. तीन दिस पिंपात तरंगत होतो. तुझो हेवो वाटलो माका, म्हणान सांगूक नाय."

माझा आवाज मुळातच मोठा. काठावर ऐकू गेलं. अनुजाने हात काढले नाहीत, पण तोंड फिरवलं. दादाने माझ्याकडे बघितलं. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला होता तेव्हा बघितलं होतं, तसंच. मी मान खाली घातली. मग त्याचा आवाज आला, आता चिरका झालेला.

"आणि माझ्या भयणीच्या हातसून काय वाकडातिकडा झाला आसात, म्हाराजा, तर ता पण पदरात घे रे म्हाराजा!"

यावर लगेच कोणी हो म्हणेना. एवढं ऐकल्यावर कोण म्हणणार? हौसाबाईने तर तोंडाला पदर लावला होता. तळव्यांखालचा रेटा कमी झाला, मग थांबला, आणि गणपती आमच्या हातांतून हळूच खाली गेला.

"व्हय म्हाराजा," माझ्या कानाशी कुणीतरी म्हटलं.

ती अनुजा होती. दात वाजत होते तिचे, डोळ्यांत राग तसाच होता, माझ्याकडे बघायला ती तयार नव्हती, तरी सगळ्या गावाच्या आधी तिने म्हटलं. मग काठावरून बाकीच्यांचा आवाज आला. मी पाण्यात उभी होते, रडत होते, आणि खोटं कशाला सांगू, तेव्हाही माझ्या मनात आलं ते एवढंच, की तिच्या जागी मी असते तर मला हे 'व्हय' म्हणणं जमलं नसतं.